न मागितलेली हजेरी

वळसंगच्या फाट्यावर पुण्याची एसटी थांबली, तेव्हा आईनं माझ्या हातात भाकरीचं गठुडं दिलं. घरात पारधी बोली बोलणारी आई त्या दिवशी लोकांसमोर मराठीत म्हणाली, "तितं आपली बोली बोलू नगंस. मजूर हाय म्हन." सुंद्रे, माझी धाकटी बहीण तू, तेव्हा तिच्या कडेवर होतीस, तुला आठवणार नाही, म्हणून हे सांगतोय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आपल्या आजोबांना सोलापुरात तारेच्या कुंपणात रोज हजेरी द्यावी लागे. पारध्याला जन्मानंच चोर ठरवणारा तो कायदा स्वातंत्र्यानंतर गेला, पण पोलिसांच्या डोक्यातून काही गेला नाही. कुठंही चोरी झाली की जीप आपल्याच पालांवर. म्हणून चोरीची कुणकुण लागली की आबा, आपला बाप, अंघोळ करायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि आपण होऊन चौकीत जाऊन बसायचा. पोरांच्या देखत मार नको, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या सकाळी मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरानं सांगितलं, शेजारच्या गावात सोनाराचं घर फुटलंय. आबा लगेच निघाला, मी बरोबर.

"सायेब, चोरी झालीया म्हनं. म्या हजर हाय."

फौजदाराकडं अजून खबरच आली नव्हती. "आमच्या आधी तुला कसं कळलं रं?" म्हणत त्यानं आबाला आत घेतलं. आबा धनगराचं नाव सांगत राहिला. धनगराला विचारायला कुणीच गेलं नाही.

आबा बैलगाडीतून परत आला, त्याच सदऱ्यात, आणि आठ दिवसांत गेला. चोर सोनाराचाच पाहुणा निघाला. मला अजून संताप येतो. आबाचाही येतो, इतका शहाणपणा कशाला केलास म्हणून. पुढची पाळी माझी, हे ओळखून आईनं मला त्या एसटीत बसवलं.

पुण्यात कंपनीत लागलो, फ्लॅट घेतला. आपलं आडनाव मराठ्यांतही आहे, त्यामुळं निभावलं. मागच्या महिन्यात समोरच्या फ्लॅटात चोरी झाली. मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराशी खुर्ची टाकून बसलो. सून म्हणाली, "बाबा, कुठं निघालात?" पोलीस आले, पंचनामा केला. जाताना एकजण म्हणाला, "काका, दार नीट लावत जा." मी आत जाऊन खूप रडलो.

तू आलीस की आपली बोली बोलशील, या भीतीनं तुला कधी राहायला बोलावलं नाही. आता ये. जिन्यातूनच मला मोठ्यानं हाक मार, आपल्या बोलीत. मी दार उघडं ठेवतो.