पेशवाईपासूनचा काटा

सन एकोणीसशे अडुसष्ट. पौष महिना, संक्रांत होऊन आठ दिवस झालेले. थंडी अशी, की पहिल्या पाळीला जाताना सायकलचं हँडल हाताला चावायचं. ज्वारी हुरड्यात आली होती. हे इतकं नेमकं सांगतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझा शहाणपणा कुठं दिसणार नाही. निदान साल आणि महिना तरी बरोबर असावा.

मधे हसायचं नाही. हसायचं ते शेवटी एकदाच हसा.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होतो. शिक्षण चौथी. पण आमच्या खात्यात जगाची माहिती कुणाला, तर मला. चहाच्या सुट्टीत प्रश्न निघायचे. चिनी लोक दोन काड्यांनी भात खातात तर ताक कसं पितात? रशियानं राजा घालवला, मग सही कोण करतं? विलायतेत बायका कुंकू लावत नाहीत, तर नवरा जिवंत आहे हे लोकांना कळतं कसं? मी उत्तर द्यायचो. उत्तर चुकलं तर चालतं. अडखळलं, की माणूस संपला.

माझी माहिती कुठून आली, ते तुम्ही विचाराल. स्वराज्याच्या आधी, पोरवयात, मी खडकीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर दोन वर्षं बागेला पाणी घातलं. जेवणघराची खिडकी बागेकडं होती. जगाचा जेवढा इतिहास मला ठाऊक आहे, तेवढा त्या खिडकीतून दिसला.

त्या साली खात्यात नवं ग्राइंडिंग मशीन आलं. ते बसवायला एक जर्मन साहेब आला. माणूस उंच, कामाला वाघ, आणि चौकस. खिशात कायम एक वही. पिंपळाला दोरा का गुंडाळलाय, मशीनला हार का घातलाय, लिंबू-मिरची कुणासाठी, सगळं विचारायचा आणि लिहून घ्यायचा. त्याचं इंग्रजी आमच्या टाइम ऑफिसातला देशपांडे मराठीत करून सांगायचा. देशपांडे मॅट्रिक झालेला, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि पुस्तकं वाचण्याची खोड असलेला.

एके दिवशी बीडकडच्या सोपाननं विषय काढला. साहेब काट्यानं खातो, तर त्याचा आजा-पणजाही काट्यानंच खात होता का? मी म्हणालो, यात विचारायचं काय? गोरा माणूस अन्नाला हात लावत नाही. राम जन्मला तेव्हापासून लावत नाही.

देशपांडे चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "रामभाऊ, असं नाहीये. त्यांच्याकडं राजेसुद्धा हातानं खायचे. काटा फार उशिरा आला. पहिल्यांदा ज्यांनी वापरला, त्यांना लोक हसले."

"कुठं पायलंत?"

"वाचलंय."

"म्या पायलंय," मी म्हणालो. "खिडकीतनं."

खातं माझ्या बाजूनं हसलं. तिथं थांबायला हवं होतं. पण देशपांडेला आणखी बोलायचं होतं. तो म्हणाला, रीत काही दगडावर कोरलेली नसते. जागा बदलली, की माणूस रीत बदलतो. या साहेबाला आपल्यात नेऊन बसवा, तोही हातानं खाईल.

मग मी पैज लावली. कुणी लावायला सांगितली नव्हती. येत्या रविवारी साहेबाला माझ्या शेतावर हुरड्याला बोलवायचं. समोर काटा ठेवायचा. कुणी त्याला काही सांगायचं नाही. काटा समोर असताना त्यानं हातानं खाल्लं, तर मी हरलो. हरणाऱ्यानं कँटीनमध्ये सगळ्या खात्याला वाढायचं आणि जेवून झालेल्या अठ्ठावीस माणसांची उष्टी ताटं उचलायची.

तुम्ही आजकालची माणसं. तुम्हाला यात काही वाटणार नाही. माझ्या बापानं स्वतःचं ताट कधी उचललं नाही, मी उचललं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात येतो. आणि उष्टं? सोपान म्हणालाच, "भाऊ, हे भलतंच बोलून बसलात." मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं चहाचा पेला तोंडाला लावला.

थेरगावला पवनेच्या काठी माझं दीड एकर होतं. बाकीचं कारखान्यांसाठी सरकारात जमा झालेलं. साहेबानं आमंत्रण लगेच घेतलं. मग मला सुचलं, की काटा नुसता मातीत ठेवून भागणार नाही. काट्याला टेबल लागतं. खिडकीतून तसंच दिसलं होतं.

अधिकाऱ्यांच्या कँटीनचा आचारी ओळखीचा होता. त्यानं सहा काटे टॉवेलात गुंडाळून दिले. टेबल आणि दोन खुर्च्या ग्रामपंचायतीतून मागून घेतल्या आणि रविवारी सकाळी बैलगाडीत घालून शेतावर आणल्या. गावातल्या चार माणसांनी गाडी बघितली. कुणी काही बोललं नाही. न बोलण्याचं कारण मला दुपारी कळलं.

साहेब येण्याआधी मी गोठ्यामागं जाऊन काट्यानं हुरडा खाऊन बघितला. हुरड्याचा दाणा काट्यावर थांबत नाही. टोचायला जावं तर उडतो. टोचला, तर एक दाणा येतो. मी चौदा दाणे खाल्ले. मागं आमची कारभारीण उभी होती.

"अवं, असं खात बसलात तर साहेबाला शिमग्यापतुर ठिवून घ्यावं लागंल," ती म्हणाली.

मी तिला हुरडा भाजायच्या आगटीकडं बघायला सांगितलं.

साहेब आला. बरोबर देशपांडे, सोपान आणि खात्यातली सहा-सात माणसं. साहेबानं मोटेपाशी हात धुतले, बाह्या सरसावल्या आणि सरळ आगटीशेजारी पोत्यावर मांडी घातली. बरोबर मांडी. नंतर कळलं, की गेस्ट हाऊसच्या स्वयंपाक्याकडून तो आठवडाभर मांडी घालायला आणि बोटांनी भात कालवायला शिकत होता. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. त्यानं खाली बसलेल्यांकडं बघितलं. बाकी सगळे पोत्यावर आणि आपण एकटेच वर, याचा त्याला संकोच वाटला. तो पुन्हा उठायला लागला. म्हणून मी समोरच्या खुर्चीत बसलो. काटा उचलला. खात्यातल्या चौघांच्या हातात उरलेले चार काटे दिले आणि डोळ्यांनी सांगितलं, की खा.

साहेबानं विचारलं. देशपांडेनं मला विचारलं. "तुमच्याकडं हुरडा काट्यानं खातात का?"

इथं माणसानं खरं बोलावं. पण खरं बोललो असतो तर साहेबानं काटा टाकला असता आणि मला अठ्ठावीस ताटं दिसत होती.

"व्हय," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"पेशवाईपासनं."

देशपांडेनं माझ्याकडं बघितलं. मी नजर हलवली नाही. त्यानं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं वही काढली. आता वही निघाली म्हणजे प्रश्न निघणारच. काटा इकडं आणला कुणी? मी म्हणालो, पणज्यानं. लढाईत गोऱ्या कप्तानाच्या तंबूतून आणला. मग घराण्यात रीत पडली. साहेब लिहीत होता. माझं मलाच खरं वाटायला लागलं. पणज्याच्या घोड्याचा रंगही मी सांगितला. पणज्यापाशी घोडा नव्हता.

आणि साहेब काट्यानं खायला लागला. एकेक दाणा. माणूस जिद्दी. कपाळाला घाम आला, पण काटा सोडला नाही. खाली बसलेले चौघेही एकेक दाणा टोचत होते आणि मला मनात शिव्या देत होते. मी देशपांडेकडं बघून मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात बांधावर माणसं दिसली. आधी दोन. मग दहा. मग अर्धी आळी. पुढं माझा चुलतभाऊ गेनू, हातात सातबाऱ्याचा उतारा.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागात तेव्हा शेतात टेबल आलं, की जमीन गेली. आधी टेबल यायचं, मग खुर्च्या, मग साहेब, मग वहीत लिहिणारा. मग मोजणीची साखळी. इथं तर साहेब गोरा होता आणि स्वतःच लिहीत होता. आणि मी, घरचा माणूस, त्याच्यासमोर खुर्चीत बसून त्याला माहिती देत होतो.

गेनू म्हणाला, "किती एकर सांगितलंस रं आमचं?"

मी म्हणालो, हुरडा खायला आलेत.

"हुरडा खायला टेबल?" गेनूनं टेबलावर उतारा आपटला. "आमाला काय येडं समजतूस? सकाळी गाडी बगितली तवाच म्हनलं, भाऊनं आपल्याला इकलं."

मागून एक म्हातारी रडायला लागली. तिचं एवढंच शेत उरलं होतं. तिला माझं बोलणं पटेना, देशपांडेचं पटेना. साहेब उभा राहिला आणि त्यानं गेनूचा उतारा हातात घेऊन आदरानं बघितला. त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. दोघे-तिघे बाह्या सरसावून टेबलाजवळ आले.

जगाची माहिती असलेला माणूस, शेताच्या बांधावर अडला.

आमची कारभारीण आगटीपासून उठली. गरम कणसं तिनं पोत्यावर चोळली, सुपात घेऊन फुंकर मारली आणि सूप घेऊन टेबलाशी आली. साहेबाच्या हातातला काटा काढून तिनं टेबलावर ठेवला. त्याचा पंजा उताणा करून त्यावर मूठभर हुरडा घातला. वर लसणाची चटणी.

"खा, बाबा," ती म्हणाली. "ह्यांचं काय ऐकतूस."

साहेबानं हुरडा तोंडात टाकला. डोळे मिटून चावला आणि पुन्हा पंजा पुढं केला. मग म्हातारीकडं बघून हसला आणि काहीतरी सांगितलं. देशपांडे म्हणाला, साहेब सांगतोय, त्याच्या आजीच्या गावी गहू कोवळा असतो तेव्हा पोरं तो असाच हातावर चोळून खातात. शेतातलं असं खायला काटा त्यानं आज पहिल्यांदाच धरला.

म्हातारीनं डोळे पुसले. "मोजनीवाला असा खात न्हाई," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते निघालं तेव्हा गाव मागं हटलं. गेनूनं उतारा घडी करून बंडीत घातला आणि हुरडा खायला बसला. खात्यातल्या चौघांनी काटे फेकले. मीच एकटा खुर्चीवर उरलो.

परतताना मी देशपांडेला सांगितलं, की ही पैज धरायची नाही. साहेबानं आपण होऊन हात लावला नाही, बाईनं लावायला लावला. तो म्हणाला, "रामभाऊ, तुम्ही म्हणाल तसं." हे तो भांडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. सोमवारी कँटीनमध्ये कुणी मला प्रश्न विचारला नाही. मंगळवारीही नाही. सोपान माझ्यासमोर बसून चीनबद्दल देशपांडेला विचारत होता.

पंधरा दिवसांनी मशीन सुरू झालं आणि साहेबाचा निरोपसमारंभ झाला. मोठे मॅनेजर आले होते, सगळं खातं होतं. साहेबानं वही उघडली आणि भाषण सुरू केलं. देशपांडे शेजारी उभा राहून मराठी करत होता.

साहेब म्हणाला, की भारतात त्याला पुष्कळ जुन्या रीती बघायला मिळाल्या. सगळ्यांत नवलाची थेरगावला. तिथले पुरुष पेशवाईपासून हुरडा काट्यानं खातात. ही फार अवघड कला आहे. एका शूर माणसानं ती लढाईत जिंकून आणली. त्याचा घोडा पांढरा होता. पण आता काळ बदलतोय. गावातल्या बायकांनी हातानं खाण्याची नवी पद्धत सुरू केली आहे. या सुधारणेला विरोध करायला अख्खं गाव जुनी कागदपत्रं घेऊन शेतावर आलं होतं. तरीही एका धीट बाईनं सगळ्यांदेखत ती पद्धत पाळून दाखवली आणि शेवटी विरोध करणारेसुद्धा हातानं खायला लागले. हे सगळं तो मायदेशी जाऊन एका मासिकाला लिहून पाठवणार होता.

देशपांडेनं एक शब्द गाळला नाही. त्याचा आवाजही हलला नाही. खात्यात कुणी हसलं नाही, सगळे खाली बघत होते.

मोठे मॅनेजर माझ्याकडं वळले. त्यांना अभिमान वाटला होता. "रामभाऊ, आम्हाला ठाऊकच नव्हतं. खरं का हे?"

व्हय म्हटलं असतं, तर मी जिंकलो होतो. छापून आलं असतं. पुढं कुणीतरी शिकलेला माणूस ते वाचून दुसऱ्या कुणाशी पैजेवर भांडला असता.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "म्या हारलोय."

मॅनेजरना काही कळलं नाही. जर्मन साहेबानं देशपांडेला विचारलं. देशपांडेनं त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं असावं, कारण साहेबानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यानं पेन काढून वहीतली पेशवाई खोडली आणि विचारलं, मग ही काट्याची रीत थेरगावला नक्की कधीपासून?

देशपांडे म्हणाला, "संक्रांतीनंतरच्या रविवारपासून. बंद कधी पडली तेही लिहा. त्याच दुपारी."

तेव्हा खातं हसलं. साहेब हसला. मॅनेजर, ज्यांना अजून काही कळलं नव्हतं, तेही हसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खांद्यावर टॉवेल टाकला. अठ्ठावीस ताटं वाढली. अठ्ठावीस ताटं उचलली.