भरल्या डिस्कचे नाना

जळगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात मी मुलाखतीला गेले, तेव्हा तिचे मालक प्रभाकरनाना सर्व्हरसमोर बसून पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ पाहत होते. निदान मला तरी तसं वाटलं. चाळीसगावच्या वरातीत त्यांच्या वहिनी बेभान नाचत होत्या आणि नाना तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा कॉपी करत होते. "बसा, डिस्क भरतोय," म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. मी धुळ्याहून एसटीने धडपडत आले होते. मनात म्हटलं, इथे काही खरं नाही.

ती सॉफ्टवेअरची परीक्षा होती, हे नोकरी लागल्यावर कळलं. नानांचं कोणतंही सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी सर्व्हरची डिस्क गच्च भरली जाते आणि नाना हाताची घडी घालून बघत बसतात. जागा नसताना "नोंद झाली" असं खोटं सांगितलं, की नापास. मुकाट्याने बंद पडलं, तरी नापास. जागा मोकळी झाल्यावर कुणी हात न लावता ते पुन्हा कामाला लागलं नाही, तर आमची शनिवारची सुट्टी गेलीच. त्या वहिनींचा नाच आम्हा सगळ्यांना आता पाठ आहे.

धुळ्याच्या एका रक्तपेढीचं काम याच हट्टापायी लांबलं. तिथले विश्वस्त आबा फोनवर एवढे तापले, की नानांनी फोन कानापासून दूर धरला. "आबा, तुमना राग बरोबर शे. पन थोडं थांबा," एवढंच ते अहिराणीत म्हणाले. त्यांना डिस्कचा एक कोपरा राखून ठेवायचा होता. बाकी सगळं अडलं तरी रुग्णाला रक्ताची पिशवी दिल्याची नोंद त्या कोपऱ्यात व्हावी, म्हणून.

पेढीत ते सॉफ्टवेअर बसल्यावर एका दुपारी मी तिथल्या लोकांना ते शिकवायला गेले होते. कुणीतरी सोय म्हणून सीसीटीव्हीचं चित्रीकरणही त्याच सर्व्हरवर साठवायला लावलं होतं, आणि डिस्क भरली. नेमका त्याच वेळी एक तरुण चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. बाळंतपणात त्याच्या बायकोचा रक्तस्राव थांबत नव्हता. काउंटरवरच्या सुमनअक्का पडद्याकडे बोट दाखवत ओरडल्या, "ताई, हाई म्हनस जागा नही शे! आते काय करू?"

मी त्यांच्याकडे धावले. पडद्यावर लिहिलं होतं: डिस्क भरली आहे, नव्या रक्तदात्याची नोंद होणार नाही, पिशवी देणं चालू आहे. अक्कांनी रक्तगट जुळवला, तपासलेली पिशवी निघाली, नोंद झाली आणि तो तरुण धावत सुटला. आम्ही मग चित्रीकरण दुसरीकडे हलवलं. सॉफ्टवेअर आपलं आपण पूर्ववत झालं.

संध्याकाळी त्या तरुणाकडून खबर कळल्यावर मी नानांना फोन केला. त्यांनी आधी "बाई कशी आहे?" असं विचारलं. ती वाचली, मुलगी झाली, हे मी सांगितलं. मग म्हणाले, "सर्व्हर बंद करून चालू करावा लागला?" नाही म्हटल्यावर हसले. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा शनिवार दिले असते.

माणसांच्या बाबतीतही नाना असेच. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला ते स्वतः धुळ्याला आले, भरीत-भाकरीचा डबा घेऊन दिवसभर वॉर्डाबाहेर बसले, आणि जाताना वडिलांच्या मोबाइलमधले नको असलेले फोटो पुसून जागा करून देऊन गेले.

रक्तपेढीत आलेल्या त्या तरुणाला मी नानांबद्दल सांगितलं होतं; त्याच्या घरच्यांनी नानांना मुलीच्या बारशाचा व्हिडिओ पाठवला. नानांनी तो डोळे पुसत पाहिला आणि डिस्क भरायच्या व्हिडिओंमध्ये ठेवून दिला. आता नवं सॉफ्टवेअर आलं, की वरातीमागोमाग तो पाळणाही सर्व्हरवर चढतो.

आज नाना साठ वर्षांचे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, चहातली साखर तेवढी कमी होवो. पाळण्यातली ती मुलगी मोठी होईल, शिकेल, तिचं लग्न होईल. त्या लग्नात नानांनी पहिल्या पंगतीत जेवावं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिच्या वरातीच्या व्हिडिओने एखादी नवी डिस्क भरावी.