करीच्या दिवशी मेलेला राक्षस

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी नववीत होते आणि एक राक्षस लिहून बसले होते.

पौडच्या वाचनालयात मुलांची कथाकथन स्पर्धा होती, ती नेमकी करीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. करीला कुणी काम काढत नाही, सगळे मोकळे असतात, असा तिथल्या गुरुजींचा हिशोब. करीला कुणी गावही सोडत नाही, हे ते साफ विसरले. मला मात्र जायचंच होतं. आपलं लिहिलेलं घराबाहेरच्या माणसांनी ऐकावं, एवढी एकच हाव होती.

आई गेल्यापासून धरणाकाठच्या माले गावातलं आमचं घर थोरल्या चुलतीच्या शब्दावर चालायचं. भोगीच्या सकाळी ती तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती, तेव्हा मी तिला गोष्ट वाचून दाखवली. करीला धरणातल्या बुडालेल्या गावांतून किंकरासुर वर येतो. ओल्या पायांनी दारोदार फिरतो. उंबऱ्याबाहेर जो पाय टाकेल त्याची सावली खातो, आणि तो माणूस दिवस मावळायच्या आत गार पडतो.

तव्यावरची भाकरी करपली. लेखिकेला याहून मोठी दाद कुठली! मी फुशारून गेले.

चुलतीनं उंबऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "परवा तू पौडला जायाची न्हाईस."

"अगं काकी, ती खोटी गोष्ट हाय!"

"खोटी आसंल. पर मला लई भ्या वाटलं."

माझी गोष्ट माझ्याच मुळावर आली. मी रडले, भांडले, जेवले नाही. संक्रांतीला सगळं गाव गोड बोलत होतं, मी एकटी तोंड फुगवून माळ्यावर बसले होते. बसल्या बसल्या आठवलं, की करीची मूळ कथा चुलतीनंच मला सांगितली होती. त्या दिवशी देवी किंकरासुराला मारते. मारते! मग आम्ही दारं लावून भितो कुणाला? मेलेल्याला? इतका राग आला की तिथंच नवा शेवट लिहून काढला.

करीच्या सकाळी चुलतीला म्हटलं, "नुसतं ऐक, मग न्हाई म्हण." नव्या शेवटात देवी राक्षसाला पहाटेच मारून निघून जाते, पण गावाला कुणी कळवतच नाही. वर्षानुवर्षं माणसं आत कोंडून बसतात आणि मढं शिवेवर पडून राहतं. शेवटी एक बाई विळा घेऊन बाहेर पडते, बघते, आणि ओरडून गावाला सांगते.

चुलतीनं पुन्हा उंबऱ्याकडे बघितलं.

"मेला म्हंतीस? नक्की?"

"तूच सांगितलं हुतंस की."

ती उठली. काळं लुगडं नेसली, पिशवीत विळा टाकला आणि म्हणाली, "चल. यष्टी जाईल."

गाडी रिकामी होती. कंडक्टरनं विचारलं, "आज कर, आन् बाया कुटं निगाल्या?" चुलती म्हणाली, "राक्षस बगाया." त्यानं दोन तिकिटं फाडली. शीव आली तशी तिनं माझा हात घट्ट धरला आणि खिडकीतून नीट वाकून बघितलं. मग हात सोडला.

पौडला मी गोष्ट वाचली. पहिला नंबर आला. स्पर्धेला आम्ही तिघंच होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. टाळ्या चुलतीच्याच जास्त होत्या. आयुष्यात पुढे बरंच काही मिळालं, पण त्या दिवसाइतकी मी कधी मिरवले नाही.

दिवस कलताना परत उतरलो. आमची आळी दारं लोटून बसलेली. शेजारणीनं फटीतून चुलतीला विचारलं, "अगं, करीची गेलीस कुटं? काय झालं न्हाई ना?"

चुलतीनं पिशवीतून विळा काढला, सगळ्या आळीला दिसेल असा वर धरला, आणि ओरडून म्हणाली,

"दारं उगडा गं! मेलाय त्यो. म्या बगून आलेय."