कोण म्हणे?

जनावरांच्या दवाखान्यातली माझी नोकरी साधी, लस टोचण्याची. पण जुन्नर-आंबेगावकडच्या गावांत पेटी घेऊन फिरणाऱ्याला सगळे डाक्टरच म्हणतात, आणि मीही कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. स्वभाव मात्र तापट. मेंढरू धरायला उशीर झाला तरी मी माणसांवर ओरडतो.

त्या वर्षी पावसाळा तोंडावर आला होता. नवं कोवळं गवत खाऊन मेंढ्या पटापट दगावतात, म्हणून त्याआधी लस टोचावी लागते. येडगावला धरणाच्या काठी एका मावशींचा चाळीसेक मेंढ्यांचा कळप होता. नवरा गेल्यावर सुनेला हाताशी धरून त्यांनी तो सांभाळलेला. घर त्यावरच चालायचं. सकाळीच बर्फाची पेटी घेऊन मी पोचलो, तर मावशी मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या तोंडाशी बसलेल्या. उठेचनात.

"आवंदा टोचायचं न्हाई. लशीनं मेंढ्या गाभडत्यात, पोटातलं पडतं म्हणे."

"कोण म्हणे?" मी भडकलोच. हे 'म्हणे' माझं जुनं दुखणं आहे. सांगणाऱ्याचं नाव नको, गाव नको, वाक्याला शेवटी एक 'म्हणे' चिकटवलं की काम झालं.

सुनेनं मोबाइल पुढे केला. कोणीतरी स्वतःचा आवाज भरून पाठवला होता: "डाक्टरनं सोता सांगितलंय, लस टोचू नका, मेंढ्या गाभडत्यात." इथे तर 'म्हणे'सुद्धा गळून पडलं होतं.

आवाज सुनेच्या माहेरच्या एका टेम्पोवाल्याचा निघाला. "लाव त्याला फोन," मी म्हणालो, "आणि स्पीकरवर ठेव. मावशींनाही कळू दे कोण हा दीडशहाणा डाक्टर."

"अवो, तुमीच की राव!" टेम्पोवाला हसत म्हणाला. "मंचरला, हायवेच्या कडंला बटाट्याच्या गाड्या उभ्या व्हत्या तितं. मी टेम्पोत बसून ऐकलं की."

मला आठवलं. मंचरला एका मेंढपाळानं विचारलं होतं आणि गाड्यांच्या हॉर्नवर आवाज चढवून मी ओरडलो होतो, "दिवस भरत आलेल्या मेंढीला आत्ता लस टोचू नका, धरपकडीत गाभडेल. व्याली की टोचू." टेम्पोपर्यंत त्यातलं मधलंच काय ते पोचलं होतं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. तो खोटं बोलतोय असं म्हणून मोकळं होता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. लाज वाटली. फोन ठेवायला लावला आणि म्हणालो, "मीच म्हणालो होतो मावशी. रस्त्यावर उभं राहून सांगायला नको होतं." मग काय विचारलं होतं, मी काय सांगितलं होतं, ते सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"मंग बाकीच्यांना कायबी व्हत न्हाई?"

दर वर्षीचं उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. पण त्या दिवशी म्हणालो, "एखादीला ताप येईल, गाठ येईल. दोन दिवस लंगडेलही."

मावशींचा आवाज एकदम चढला. "आन इतकी वर्सं कायबी व्हत न्हाई, कायबी व्हत न्हाई म्हणत व्हता! मागल्या साली माजी मेंढी दोन दिस उठली न्हाई. मला वाटलं मरतीया. तवापास्नं तुमचं समदंच खोटं वाटाया लागलं."

टेम्पोवाल्यावर फोडायला निघालेलं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. त्याच्या आधी वर्षभर या बाईचा माझ्यावरचा विश्वास उडालेला होता, आणि मला पत्ताही नव्हता.

मावशी उठल्या. प्रत्येक मेंढीच्या कासेला हात लावून त्यांनी दिवस भरत आलेल्या नऊ मेंढ्या बाजूला काढल्या, सुनेनं त्यांच्या गळ्यात खुणेच्या चिंध्या बांधल्या. उरलेल्यांना मी लस टोचली. दोन दिवसांनी न बोलावता गेलो. एक मेंढी लंगडत होती. "ही लशीमुळेच," मी सांगितलं. मावशींनी चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात डिंभ्याकडे गेलो. ओळखीचं कोणी नाही, त्यामुळे वाद घालायच्या तयारीनंच पेटी खाली ठेवली. तिथल्या मेंढपाळानं हात वर करून मला थांबवलं आणि मोबाइलवर आलेला एक भरलेला आवाज लावला. मावशींचा आवाज होता: "मी येडगावची. माज्या मेंढ्यांना टोचलंय. एक मेंढी दोन दिस लंगडली, आता चरतीया. दिस भरल्याली तेवढी टोचू नगा."

"त्यांचा डाक्टर बरा हाय," तो मला सांगू लागला. मीच तो, हे त्याला ठाऊक नव्हतं. "चुकला तर तोंडावर कबूल करतो म्हणे."

जन्मात पहिल्यांदा मी 'कोण म्हणे?' असं विचारलं नाही.