आदी हात, मग राम राम

काशिनाथ गेल्याचा फोन आला तो नेमका नळाला पाणी यायच्या वेळेला. वाईट वाटायच्या आधी मला संशय आला, खोटं कशाला सांगू... हा माणूस मागे एकदा ‘सातपाटीला भाच्याच्या लग्नाला चाललो’ असं गल्लीभर सांगून, नवा सदरा घालून निघाला आणि रिक्षा स्टँडवरूनच परत फिरला. तो गेला म्हणून ज्यांनी ज्यांनी नळाला मोटर जोडली होती, ते सगळे सापडले. त्यामुळे त्याच्या मरणाच्या बातमीवरही पाम गावातल्या आमच्या गल्लीचा चटकन विश्वास बसला नाही. त्या सकाळी एकाही घरानं मोटर लावली नाही. माझं घर गल्लीच्या अगदी शेवटी. माझं पिंप भरून वाहू लागलं, आणि नळ बंद करायचं सोडून मी तिथंच उभा राहून रडलो.

मी साताऱ्याकडचा, तो सातपाटीचा, कोळ्याच्या घरातला. तारापूरच्या एका कारखान्यात आम्ही एकाच पाळीला होतो, पुढे पामला एकाच गल्लीत घरं बांधली. गल्लीच्या तोंडाशी त्याचं, टोकाला माझं. आमच्या डोक्यावरून विजेच्या जाड तारा जातात, रस्त्याच्या कडेनं धरणाचं पाणी नेणारा माणूसभर उंचीचा पाइप जातो, आणि आम्ही दिव्याखालच्या अंधारात. पाणी दिवसाआड, तेही थोडा वेळ. ज्याच्याकडे मोटर तो ओढणार, शेवटच्या नळातून नुसती हवा येणार. म्हणून काशिनाथनं गावकीत ठराव करून घेतला, की पाणी येईल तेवढा वेळ प्रत्येकानं घरातला मेन स्विच खाली पाडायचा. वीजच नाही तर मोटर चालेल कशी? ठराव सगळ्यांना मान्य झाला. सगळ्यांना मान्य झाला म्हणजे कुणीच पाळणार नाही, असं काशिनाथचं मत.

मग तो गल्लीत फिरू लागला. दारात यायचा, बोलायचा नाही, आधी तुमच्या नळाच्या पाइपावर तळहात ठेवायचा. मोटर चालू असेल तर पाइप थरथरतो. ही सवय बोटीवरची. लहानपणी बापाबरोबर दर्यावर जाताना इंजिनाचं दुखणं कानाआधी फळीवरच्या हाताला कळायचं, असं तो सांगायचा. हात खोटं बोलत नाही म्हणे. एकदा मात्र बोलला. एका घरात मेन चालू ठेवून घरघंटीवर दळण चाललं होतं, तिच्या थरथरीवरून यानं मोटरचा आळ घेतला. बाई पिठाच्या हातानंच भांडायला आली. चूक कळल्यावरही हा माफी मागेना. “मेन चालू होता का नाय, त्ये बोल,” एवढंच.

माझ्या घरीही तेच. मी बाबा शेवटच्या घरातला, मी ओढून ओढून काय ओढणार? पण चहा समोर आला तरी याचा हात पाइपावर. एकदा मी चिडलो. म्हटलं, “अरे, इतक्या वर्षांची मैत्री, माझ्यावरही भरवसा नाही?”

“राग नको धरूस, भाऊ. आदी हात, मग राम राम.”

पालघरला पाणीवाटपाची एक बैठक झाली, तिथं मी त्याला ओढून नेलं. पडद्यावर नकाशा होता, त्यावर निळ्या रेघा. कारखान्यांना इतकं, शहरांना इतकं, गावांनाही पुरेसं, सगळ्या पट्ट्याचा विकास... साहेब चांगलं बोलत होते, आणि चांगलं बोलणाऱ्या माणसाविषयी आम्हा दोघांनाही धाकधूकच वाटायची. प्रश्न विचारा म्हटल्यावर काशिनाथ उठला. “साहेब, आमची गल्ली एवढीशी हाय, तरी दर पान्याला बगावं लागतं. तुमच्या ह्या एवढ्या लाइनीवर वरती मोटर कोन लावतो, त्ये बगायला कोन जातो? कागदावरच्या पायपाला हात कसा लावू?” लोक हसले. साहेबही हसले, आणि पुढचा प्रश्न घेतला. मला मात्र त्याचा अभिमान वाटला, आणि तो मी बोलून दाखवला नाही.

तो गेला, दिवसकार्य झालं. गल्लीची खात्री पटली की या वेळी तो परत फिरणार नाही. माझ्या नळातून पुन्हा हवा येऊ लागली. मला प्रत्येकाचा संशय येत होता. एका सकाळी मी पाण्याच्या वेळेला काशिनाथच्या बायकोला, लीलावहिनींना, भेटायला गेलो. दारातच नळाचा पाइप. नकळत हात ठेवला... पाइप थरथरत होता.

वहिनींनी पाहिलं. “नितीननं लावली,” त्या म्हणाल्या. नितीन त्यांचा मुलगा. “सून बाळंतीन हाय, पानी लागतं. आनि आता बगनारा कोन हाय?”

बाळंतिणीच्या घरात काय बोलणार? मी एवढंच म्हटलं, “वहिनी, माझ्याकडे थेंब नाही.”

त्यांनी पाइपाकडे पाहिलं. “भाऊ, ह्यांचा पयला हात कुटं पडायचा, ठाव हाय? आमच्याच पायपावर. दर पान्याला. माज्यावर भरवसा नाय म्हनून मी किती भांडले...” मी चहा न घेताच परतलो. त्यांच्या बोलण्यावरही माझा पुरता विश्वास बसला नव्हता.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी पिंप लावून, फारशी आशा न ठेवता बसलो होतो. नळ आधी खाकरला, मग धार लागली. तेवढ्यात दारात लीलावहिनी. मी म्हटलं, “या, बसा.” त्या बसल्या नाहीत. वाकून त्यांनी माझ्या पाइपावर तळहात ठेवला, मोरीत डोकावून पाहिलं, पुन्हा हात ठेवला. माझ्याकडे मोटर कधीच नव्हती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीही त्यांनी तो हात उचलू नये असं मला वाटत होतं.

“घरचा पयला बगून आले,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरून, “राम राम, भाऊ.”