सातवीचा बांध

तालुक्याच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, एक विषय घ्या आणि गणित, विज्ञान, भाषा, इतिहास सगळं त्याच्याभोवती गुंफा. नमुना म्हणून दिलेला विषय होता 'हिमालय'. मी राहते रोह्याला लागून असलेल्या वरशात आणि शिकवते पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या शाळेत. आमच्या सातवीने बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीतला. मी भाषेच्या सरांना म्हटलं, "हिमालय राहू दे, आपण बांध घेऊ." सर निवृत्तीला आलेले, कुणाचा उत्साह दिसला की त्यावर पाणी ओतणारे. म्हणाले, "घ्या. फुटेपर्यंत पुरेल."

खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध शाळेच्या मागूनच जातो. मी घरी कुकरच्या शिट्ट्या ऐकत आराखडा केला. गणितात उंची आणि उतार, विज्ञानात मीठ आणि चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं, भाषेत गावातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती. शेवटची कृती काही सुचत नव्हती, तिचा धागा पोरांनीच आणला. म्हाताऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, की पूर्वी हाळी दिली की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर यायचा. शेत कुणाचं का असेना. जो यायचा नाही, त्याच्या घरच्या कार्याला गाव जायचं नाही.

मोजमाप करताना एका जागी बांध बिळांनी पोखरलेला निघाला. समोरचं शेत वर्गातल्याच एका मुलीचं होतं. तिचे वडील नागोठण्याकडे कंपनीत कंत्राटावर, त्यामुळे शेत आई एकटीच करायची. आम्ही दोरी धरून उभे असताना ती आई तिथे आली आणि म्हणाली, "बाई, पोरांना मोजाया शिकवलंत, बरा झाला. बुजवाया कोन येनार?"

मग हाळी देऊन बिळं बुजवणं हीच शेवटची कृती ठरली. पोरं घरोघर हाळी देत फिरली. रविवारी, ओहोटीला, घरटी एक माणूस. सगळ्यांनी 'व्हय व्हय' म्हटलं. सरांनीसुद्धा घरून फावडं आणलं.

रविवारी बांधावर सातवीचा वर्ग, मुलीची आई आणि आम्ही दोन मास्तर. बाकी गाव देवळाच्या पारावर बसून आमच्याकडे बघत होतं. मी तणतणत पारावर गेले. तिथल्या एका जाणत्या माणसाने मला बसायला जागा दिली, पाणी दिलं आणि लेकीला समजावावं तसं सांगितलं, "बाई, रागावू नका. आमी जमिनी द्यायचं ठरवलंय. घेनाऱ्याला सगला पट्टा एकसाथ पायजे आनि तिचा शेत बरोबर मधी हाय. ती नाय बोलते. पानी शिरला का बोलंल व्हय. बांध कशाला बांधायचा?"

त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, याचाच मला जास्त संताप आला. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. परत येऊन मी पोरांना काहीच सांगितलं नाही, पण गावातली पोरं ती, त्यांना काय कळायचं राहतं? बापाची नजर पडली तसं एकाने घमेलं खाली ठेवलं आणि घरी गेला. मग दुसरा गेला. मुलीच्या आईने कुणालाच अडवलं नाही. आम्ही उरलेल्यांनी पेंढा आणि चिखल घालून भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत बिळं बुजवली. सर चिखलाने माखले होते आणि त्या दिवशी एकदाही कुचकं बोलले नाहीत.

आषाढात लावणी झाली. त्यानंतरच्या अमावास्येच्या उधाणाला बांध तिथेच फुटला. मी शाळेत पोचले तेव्हा रोपांचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते. मुलीची आई गुडघाभर पाण्यात उभी होती, काहीच करत नव्हती. खारं पाणी एकदा बसलं की दोन-तीन पावसाळे त्या मातीत भात धरत नाही, हे मीच वर्गात शिकवलं होतं.

गणपती झाल्यावर आमचा आराखडा पाहायला एक अधिकारी आले. भिंतीवरचे तक्ते, बांधाची प्रतिकृती, सगळं त्यांना फार आवडलं. जिल्ह्याला नमुना म्हणून पाठवू, म्हणाले. ती मुलगी आता आठवीत, पहिल्याच बाकावर होती. त्यांनी नेमकं तिलाच उठवलं. "सांग बाळा, बांध का फुटतो?"

"चिंबोऱ्या बिळं करतात, सर. आनि उधान येतं."

"छान! आणखी?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बसावं तिने आता.

"मी सांगतो," ते खडू उचलत म्हणाले. "लोक कमी पडतात." आणि फळ्यावर लिहू लागले, 'लोकसहभागाचा अभाव'.

"कमी नाय पडली, सर," ती म्हणाली. "सगली व्हती. पारावर बसली व्हती."

वर्गात तिच्या मागे त्याच लोकांची पोरं बसली होती. एकानेही मान वर केली नाही. अधिकाऱ्यांनी तिला शाबासकी दिली, बस म्हणाले आणि वाक्य पूर्ण केलं.