वनिताच्या तोंडाचा वास

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत. सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते कोपऱ्यात आपोआप साठतात. डहाणूच्या आमच्या छोट्या दवाखान्यात स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट आला, की सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो, ताडी. मी इथली सिस्टर. संशय घेणं माझ्या हाडातच आहे. हे सगळे किस्से सायवनच्या वनिताचे.

*

वनिता पहिल्यांदा आली ती पोट धरून, वाकडी होऊन.

डॉक्टरांनी विचारलं, "घेतेस का?"

"नाही."

"थोडीशी?"

"नाही."

"लग्नाकार्यात?"

तिला उलटी झाली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, सांगत नाही."

*

सोबत सासूबाई होत्या. त्या रोज सकाळी सगळ्या वॉर्डसमोर सुनेला म्हणायच्या, "हाऽ कर." मग वाकून तोंडाचा वास घ्यायच्या.

एकदा मीच म्हटलं, "आजी, औषधाचाच वास येतोय."

"त्याच्याखाली लपवलाय," सासूबाई म्हणाल्या. "एकदा पकडू दे, माहेरीच धाडते. पोरासाठी दुसरी बघून ठेवलीय."

वनिताने हे ऐकून भिंतीकडे तोंड केलं. मला सासूबाईंचा भयंकर राग आला.

*

राग आला म्हणून संशय थोडाच जातो? वनिताचा भाऊ भेटायला आला, त्याच्या पिशवीत बाटली. आत पांढरट काहीतरी. मी वास घेतला, हलवून पाहिलं आणि सरळ बेसिनमध्ये ओतलं.

तांदळाची पेज होती. पण तिला तोंडावाटे काही द्यायचंच नव्हतं, त्यामुळे मी बरोबरच होते.

*

ती बरी होऊन घरी गेली आणि पुन्हा आली. या वेळी डॉक्टरांनी भेटायला येणारे बंद केले, सासूबाईंनासुद्धा. वॉर्डात वनिता आणि मी. दुखणं उतरलं आणि दोन दिवसांनी पुन्हा उसळलं. रिपोर्टमधले आकडे परत वाढलेले.

"आता हिला पाजतंय कोण?" असं म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्याच दुपारी मी वनिताला एमआरआयसाठी वापीला पाठवायला लावलं.

*

रिपोर्ट आला. पित्ताची नळी जन्मापासूनच फुगलेली. शिवाय ती आणि स्वादुपिंडाची नळी जिथे मिळायला हव्यात, त्याच्या बऱ्याच आधी मिळालेल्या. त्यामुळे पित्त उलटं स्वादुपिंडात शिरत होतं.

डॉक्टरांनी सासूबाईंना कागदावर नळ्या काढून दाखवल्या. म्हणाले, "आजी, तिचा काही दोष नाही. हे जन्मापासूनचं आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे जन्मापासून पिते?"

*

मुंबईला वनिताचं ऑपरेशन झालं. फुगलेली नळी काढली, दुखणं थांबलं. दुसऱ्या सुनेचा विषय मागे पडला.

पुढच्या उन्हाळ्यात वनिता पुन्हा दारात. मी सलाईनचा स्टँड ओढायला धावले. पण या वेळी पोट धरून वाकलेल्या होत्या सासूबाई. वनिता त्यांना धरून आणत होती. रिपोर्टमध्ये तीच सूज.

डॉक्टरांनी मागच्या वेळचा धसका घेतलेला. त्यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले, "आजी, तुमचंही नळीचंच काहीतरी जन्मजात असेल. एमआरआय करू."

"तेच असणार, साहेब," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

वनिताने त्यांची उशी सारखी केली, खाली वाकली आणि अगदी मायेने म्हणाली, "आई, हाऽ करा."

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि त्या भिंतीकडे वळल्या.